खासगी आणि दौलत

माझ्या नोकरीतल्या शेवटच्या पदाचे नाव मराठीत नीट सांगता येत नाही. दारावरच्या पाटीवर वर हिंदीत ‘डेटा अनुपालन अधिकारी’ आणि खाली तेच इंग्रजीत होते. शिपाई मला ‘डाटावाले साहब’ म्हणत. घरी कोणी विचारले तर बायको ‘ह्यांच्याकडे काँप्युटरचं काहीतरी असतं’ एवढे सांगून चहा टाकायला जाई. इंदूरमधल्या एका केंद्रीय सार्वजनिक संस्थेत आस्थापना आणि लेखा शाखांत जन्म काढल्यावर २०२३ च्या अखेरीस हे काम माझ्या टेबलावर आले, आणि गेल्या मार्चअखेर मी निवृत्त झालो. संस्थेचे नाव सांगत नाही. जे लिहितो आहे ते कुठल्याही सरकारी इमारतीचा जिना चढून बघता येईल. नोकरीत असताना मात्र लिहिता आले नसते. १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे निव्वळ साहित्यिक लेखनाला परवानगी लागत नाही, सरकारी धोरणावर टीका मात्र चालत नाही. कविता मला कधी जमल्या नाहीत.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. नागरिकाच्या खासगीपणाचे रक्षण करतो असे सांगून सरकारने स्वतःच्या कागदांवर पडदा टाकला आहे. नागरिक स्वतः पूर्वी होता तितकाच उघडा आहे. पडदा लगेच लागला. रक्षण दीड वर्षाने यायचे आहे, आणि तेही सरकारला भरपूर सवलती देऊन.

हे अलंकारिक बोलणे नाही, तारखांचा हिशेब आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पुढची दोन वर्षे तो कपाटात होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि कायद्याची कोणती कलमे कधी लागू होणार हे ठरले. संमती, सूचना, सुरक्षितता, माहिती फुटली तर कळवण्याचे बंधन, दंड, म्हणजे ज्यांच्यासाठी हा कायदा आणला असे सांगितले जाते ती सगळी कलमे अठरा महिन्यांनी लागू होतील. जी लगेच लागू झाली त्यांत मंडळाची स्थापना वगैरे प्रशासकीय कलमे होती, आणि त्यांच्यासोबत कलम ४४ चे तिसरे उपकलम होते. या उपकलमाचा माझ्या फोन नंबराशी काही संबंध नाही. ते माहिती अधिकार कायदा बदलते.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ञ) जुन्या रूपात काय म्हणत होते ते सांगतो, कारण आता ते छापील प्रतींतून नाहीसे होईल. ज्या व्यक्तिगत माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने कोणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होईल, ती देणे बंधनकारक नाही. मात्र व्यापक सार्वजनिक हितासाठी ती द्यावी असे माहिती अधिकाऱ्याला पटले तर द्यावी. शेवटी एक परंतुक होते: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही माणसाला नाकारता येणार नाही. सरकारी भाषेत इतके चांगले वाक्य माझ्या वाचनात दुसरे आलेले नाही. कोणा रामभाऊला खासदाराच्या बरोबरीने बसवणारे ते वाक्य होते.

हे सगळे काढून त्या जागी इंग्रजीतले सहा शब्द बसवले आहेत. त्यांचा अर्थ एवढाच: व्यक्तिगत माहितीशी संबंधित माहिती. ती असेल तर देणे बंधनकारक नाही, संपले. तराजू उचलून नेला आणि तिथे कुलूप ठेवले.

सरकारी कागदात व्यक्तीचे नाव नाही असा कागद कोणता, हे मला कोणीतरी सांगावे. रस्त्याचे बिल ठेकेदाराच्या नावाने निघते आणि छोटा ठेकेदार ही व्यक्तीच असते. मोजमाप पुस्तकावर सही करणारा अभियंता व्यक्ती आहे. शिष्यवृत्ती, पेन्शन, घरकुल घेणारे व्यक्ती आहेत. निविदेच्या टिपणीवर ‘सहमत’ असा शेरा मारणारे साहेब तर फारच मोठी व्यक्ती आहेत.

माहिती अधिकाराची चळवळ या देशात नावांच्या यादीतूनच उभी राहिली, ही गोष्ट तरुण वाचकांना कदाचित कोणी सांगितली नसेल. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनवाया घेतल्या. त्यांत मस्टर मोठ्याने वाचले जात. अमक्याने अमुक दिवस काम केले, अमुक रुपये घेतले. आणि समोर बसलेल्यांतून कोणी उठून सांगे की हा तर मेला आहे, किंवा हा तेव्हा गुजरातेत कामाला गेला होता. १९९६ च्या ब्यावरच्या धरण्यातली मागणी याच मस्टरची आणि बिलांची होती. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांवर बोगस मजूर कसे भरले जात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. त्या मस्टरातली नावे काळी करून वाचली असती तर काय उरले असते? ‘एका व्यक्तीने बारा दिवस खडी फोडली.’ मेलेला माणूस नावाशिवाय मेला आहे हे ओळखायचे कसे?

याउलट आमच्या कार्यालयात खऱ्या अर्थाने खासगी असलेल्या माहितीचे काय होत होते, ते ऐका. माझे काम तेच शोधण्याचे होते. पदभार घेतल्यावर मी महिनाभर इमारतीत फक्त फिरलो आणि वहीत नोंदी केल्या. फाटकावर अभ्यागतांची नोंदवही: नाव, पत्ता, मोबाइल, कोणाला भेटायचे, सही. मागून येणारा प्रत्येक जण पुढच्या वीस जणांची माहिती वाचूनच आपली ओळ भरी. मागच्या जिन्याखाली अनुकंपा नियुक्त्यांचे आणि वैद्यकीय बिलांचे गठ्ठे. त्यांत मृत्यूचे दाखले, आजारांचे तपशील, आधारच्या झेरॉक्स. कपाट होते, किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून गठ्ठे बाहेर. ‘आस्थापना तातडीचे’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात बदली होऊन गेलेले आणि निवृत्त झालेलेही होते. कोणाचे पॅन कार्ड हवे की तिथेच टाकायचे. कंत्राटी कंपनीकडून आलेला संगणकचालक सगळ्यांचे पगारपत्रक पेन ड्राइव्हवर घरी नेई, कारण कार्यालयात वीज जात असे. ‘घरचं बॅकअप आहे सर,’ असे त्याने मला अभिमानाने सांगितले. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे बिघडलेल्या प्रती रद्दीत जात, आणि सराफ्यात रात्री एका पुडीवर मी कोणा गृहस्थाचे आधार कार्ड अर्धे तेलात भिजलेले पाहिले आहे. ते आमच्याच कार्यालयातले होते असा माझा दावा नाही. कुठल्या तरी कार्यालयासाठी काढलेले होते, एवढे खरे.

हा सगळा किरकोळ प्रकार वाटत असेल तर मोठे घ्या. मे २०१७ मध्ये बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने चार सरकारी संकेतस्थळे तपासली आणि तेरा कोटींच्या आसपास आधार क्रमांक उघडे असावेत असा अंदाज दिला. त्यांत पेन्शनर होते, रोजगार हमीचे मजूर होते. जून २०२३ मध्ये लस घेतलेल्यांचे तपशील टेलिग्रामवरचा एक बॉट मागाल तसे देत होता, आणि सरकारने आधी बातमीच खोडसाळ ठरवली. हे कोणी माहिती अधिकाराचा अर्ज करून मिळवले नव्हते. गळती झाली ती सरकारच्या स्वतःच्या नळातून, आणि तोटी बंद केली ती मात्र विचारणाऱ्याची.

आता एक प्रसंग सांगतो. त्यातली बाई, गाव, शाखा ओळखू येणार नाही इतपतच सांगतो. तेवढे माझ्या जुन्या कामातून अंगात मुरले आहे.

केंद्रीय कार्यालयांत अनुकंपा तत्त्वावरच्या नेमणुका सरळ भरतीच्या गट क च्या जागांपैकी पाच टक्क्यांच्या मर्यादेत होतात. म्हणजे वीस जागांमागे एक. नवरा गेलेल्या बायका, बाप गेलेली मुले रांगेत असतात. म्हणून गुणांकन होते: कुटुंबात किती माणसे, उत्पन्न किती, लहान मुले किती, घर स्वतःचे की नाही. जास्त गुण त्याचा नंबर आधी. एका बाईंचा नंबर लागला नाही. त्यांनी माहिती मागितली: ज्यांची नेमणूक झाली त्यांना किती गुण मिळाले आणि कशाकशाचे. डिसेंबरात अर्ज आला. नव्या कलमाची ताजी प्रत टेबलावर होतीच.

माझ्याकडे अभिप्रायासाठी नस्ती आली तेव्हा मी दीड पानांची टिपणी लिहिली. नेमणूक सार्वजनिक पदावर आहे, पगार सार्वजनिक पैशातून आहे, गुण हा निवडीचा आधार आहे. घरचा पत्ता, बँक खाते, आजाराचे कागद, मुलांची नावे काळी करा, माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्ये तशी सोय आहेच, आणि नाव, गुण, गुणांचे शीर्षक एवढे द्या. काळ्या मार्करने काय झाकायचे आणि काय ठेवायचे हे ओळखणे, माझ्या मते हेच या पदाचे सगळे कौशल्य. टिपणीवर वरून शेरा आला: ‘सुधारित कलम पाहावे. नाकारावे.’ जनमाहिती अधिकाऱ्याने, इकडे त्याला लोक सूचना अधिकारी म्हणतात, एका ओळीचे उत्तर जावक केले.

बाई कार्यालयात आल्या. त्यांना कोणीतरी डाटावाल्या साहेबांकडे जा असे सांगितले होते. खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. मी म्हटले, ‘ताई, बसा तर.’ त्या उभ्या राहूनच म्हणाल्या, ‘सर, मेरे घर में कौन-कौन है, क्या खाते हैं, छत पक्की है कि नहीं, सब तो आपने लिख लिया. सबने पढ़ भी लिया. अब उनका पूछा तो वो निजी हो गया?’

यावर कायद्यात उत्तर नाही. त्यांच्या अर्जाचा गठ्ठा तेव्हाही जिन्याखालीच होता. कपाटाच्या किल्लीबद्दल मी तीन पत्रे लिहिली होती. तिसऱ्याला ‘खरेदी समितीपुढे ठेवावे’ असे उत्तर आले होते.

त्या बाईंनी वापरलेला ‘निजी’ हा शब्द माझ्या डोक्यात राहिला, आणि ही पत्रिका अनेक भाषांची असल्यामुळे त्याबद्दल इथे बोलायला हवे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला, तेव्हा हिंदी वर्तमानपत्रांनी ‘निजता का अधिकार’ असे लिहिले. कन्नडात ‘खासगीतन’ म्हणतात. बंगालीत आणि गुजरातीत ‘गोपनीयता’ चालते. मराठीत आपण कधी खासगीपणा म्हणतो, कधी गोपनीयता, आणि हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत असे समजून चालतो. ते नाहीत. गोपनीयता हा सत्तेचा शब्द आहे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. सरकारी नोकराचा वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे ‘गोपनीय’ होता, त्याला ‘सीआर’ म्हणत आणि त्याच्या भीतीने माणसे साहेबाची भाजी आणून देत. पाकिटावर लाल शिक्का असे तो ‘गोपनीय’ हाच. खासगीपणा मात्र त्याचा आहे ज्याच्याकडे लपवण्यासारखे पद नसते, फक्त घर असते. नव्या कायद्याने खासगीपणाचे नाव घेऊन गोपनीयता दिली आहे. ज्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे तिथे ही अदलाबदल कोणाच्या लक्षातही येणार नाही.

इंदूरच्या माणसाला तर हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये. होळकरांच्या राज्यात दोन खजिने होते: दौलत आणि खासगी. दौलत राज्याची, खासगी राणीची. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंकडे ती खासगी होती, पुढे अहिल्याबाईंकडे आली, आणि देशभरच्या घाट-मंदिरांवरचा त्यांचा दानधर्म या खासगीतून झाला असे आम्ही इथे लहानपणापासून ऐकतो. दोन्हींचा हिशेब वेगळा राही. मनात आले म्हणून दौलतीचा पैसा खासगीत टाकता येत नसे, हाच त्या व्यवस्थेचा अर्थ. गंमत म्हणजे, त्या खासगीचा जो धर्मादाय न्यास आज आहे त्याला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ठरवले. नावातच खासगी असलेली गोष्ट हिशेबाला सार्वजनिक ठरली. आणि इकडे सरकारी नेमणुकीचे गुण, जे उघडउघड दौलतीचे, ते खासगीत जमा झाले.

दुसरी बाजू मला ठाऊक नाही असे नाही. माहिती अधिकाराच्या अर्जांचे गठ्ठे मी हाताळले आहेत. वेगळा राहणारा नवरा बायकोच्या रजांचा तपशील मागतो. एखादा इसम कार्यालयातल्या एकाच मुलीच्या हजेरीची प्रत दर महिन्याला मागतो. कोणी साहेबाच्या जातीच्या दाखल्याच्या मागे लागतो आणि प्रत मिळाली की पाकीट मागतो. हे घडते. पण या प्रत्येक अर्जाला जुन्या कलमात ‘नाही’ म्हणता येत होते आणि म्हटलेही जात होते. २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोकराच्या सेवेतले मेमो, शिक्षा, मालमत्तेचे तपशील सर्वसाधारणपणे व्यक्तिगत ठरवले. माझ्या मते तो निकाल गरजेपेक्षा जास्त झाकणारा होता, तरी त्यातही व्यापक सार्वजनिक हिताची खिडकी शाबूत होती. म्हणजे झाकायला कायदा कमी पडत होता ही तक्रार खोटी आहे. आणि खासगीपणाची खरी गरज कोणाला असते? जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनींचे घोटाळे ते बाहेर काढत होते. अर्ज करणाऱ्याचे नाव-पत्ता ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्यापर्यंत संध्याकाळच्या आत पोचतो, हे कार्यालयात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यासाठी कडक कलम आणले असते तर मी पेढे वाटले असते.

सरकारचे उत्तर असे आहे की कलम ८ चे दुसरे उपकलम शिल्लक आहे; सार्वजनिक हित नुकसानीपेक्षा मोठे असेल तर प्राधिकरण माहिती देऊ शकते. शिल्लक आहे, मान्य. पण ‘देऊ शकते’ म्हणजे काय, हे ज्याने कधी नस्ती वर पाठवली आहे त्याला विचारा. पूर्वी हित तोलण्याचे काम खालच्या माहिती अधिकाऱ्याच्या टेबलावर, त्याच्या कर्तव्याचा भाग म्हणून होते. आता प्राधिकरणाने कृपा करायची आहे. प्राधिकरण म्हणजे बहुधा तेच साहेब, ज्यांच्या सहीबद्दल अर्ज आहे.

शिवाय पैशाचे गणित पाहा. आकडा दोन्हीकडे अडीचशेचाच आहे, हा योगायोग मला फार आवडतो. माहिती अधिकार कायद्यात, विनाकारण माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, आणि तो त्याच्या स्वतःच्या खिशातून. डेटा कायद्यात सुरक्षितता न राखल्याबद्दल संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. ऐकायला भारी वाटते. पण संस्था सरकारी असेल तर हा दंड सार्वजनिक पैशातून भरला जाणार आणि कलम ३४ प्रमाणे भारताच्या संचित निधीत जमा होणार. डाव्या खिशातून उजव्या खिशात. ज्या बाईच्या छपराची कहाणी जिन्याखाली पडली आहे तिला त्यातून एक रुपया मिळायचा नाही. नुकसानभरपाईची तरतूदच नव्या कायद्यात नाही. आता त्या माहिती अधिकाऱ्याच्या जागी बसा. माहिती दिली तर साहेब नाराज. नाकारली तर पूर्वी निदान पगारातून पैसे कापले जाण्याची भीती होती, आता ‘व्यक्तिगत’ असे लिहिले की तीही गेली. कोणता शहाणा माणूस माहिती देईल? आमच्याकडे तर फेब्रुवारीत त्या ओळीचा रबरी शिक्काच करून घेतला. त्याला खरेदी समितीची अडचण आली नाही.

आणि सरकार स्वतः नागरिकाची माहिती घेते तेव्हा? कलम ७ प्रमाणे अनुदान, लाभ, दाखला, परवाना देण्यासाठी सरकारी यंत्रणेला बहुतेक वेळा नव्याने संमती घ्यावी लागत नाही. काम झाले की माहिती पुसून टाकण्याचे बंधन कलम १७ ने सरकारला लावलेले नाही. हवी ती यंत्रणा सबंध कायद्यातून वगळण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत उपलब्ध हवी, हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता. बोडो, संथाली, मैथिली, कोकणी सगळ्यांत. मग लक्षात आले, ज्या दारात गरीब माणूस सर्वात जास्त वेळा उभा राहतो तिथे संमती विचारायचीच नाही आहे, तर बावीस भाषांत न विचारण्याची ही सोय झाली.

हेच सरकार २०१५ पासून सर्वोच्च न्यायालयात सांगत होते की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. ॲटर्नी जनरलनी तसा युक्तिवाद केला होता. न्यायालयाने तो फेटाळला. हरलेल्या पक्षाने मग जिंकणाऱ्याचा झेंडा उचलला आणि आपल्याच खिडकीला पडदा म्हणून लावला.

लेखक मंडळींनी हा बाबूंचा विषय म्हणून सोडून देऊ नये. युरोपच्या डेटा संरक्षण नियमनात कलम ८५ आहे: पत्रकारिता, संशोधन, कला आणि साहित्य यांच्या अभिव्यक्तीशी हा हक्क जुळवून घ्या. त्याला लागूनच कलम ८६: सरकारी कागद पाहण्याच्या लोकांच्या हक्काशी जुळवून घ्या. दोन्ही शेजारी ठेवली हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आपल्याकडे २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत निदान पत्रकारितेला सवलत होती; २०२३ मध्ये ती गेली. साहित्याचे नाव तर कुठेच नाही. मराठीतली दलित आत्मकथने घ्या. पाटलाचे नाव, मास्तराचे नाव, कोणी कोणाला कुठल्या विहिरीवर अडवले त्याचे नाव. नावे काढली तर ती समाजशास्त्राची टिपणे होतील. उद्या अशा पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर कोणी नातवाने ‘माझ्या आजोबांची व्यक्तिगत माहिती’ म्हणून नोटीस काढली तर ती टिकेल की नाही हा वकिलांचा प्रश्न. पण छोटा प्रकाशक नोटिशीच्या पाकिटालाच घाबरतो, खटल्यापर्यंत पोचत नाही. २०१७ मध्ये निकालाचे स्वागत करणारे लेख ज्यांनी लिहिले, त्यांतले फार थोडे गेल्या नोव्हेंबरात बोलले. त्यांच्यातल्या काहींना मी ओळखतो. त्यांना वाटले, आपले मोबाइल नंबर आता सुरक्षित झाले. मला विम्याचे फोन अजून येतात, त्यांना येत नसतील तर उत्तम.

निवृत्तीनंतर मी सकाळी दोन तास लोकांची अपिले लिहून देतो. फी नाही, चहा चालतो. ‘व्यक्तिगत’ या शिक्क्याची उत्तरे घेऊन माणसे येतात. कोणाला रेशन दुकानदाराचा साठा हवा असतो, कोणाला बदलीचा क्रम. मी त्यांना सांगतो की कलम ८ वर वाद घालत बसू नका, कलम ४ कडे चला. ४(१)(ख) मध्ये अधिकाऱ्यांचे मासिक वेतन, अनुदान योजनांचे लाभार्थी, सवलती व परवाने मिळालेल्यांचा तपशील हे सगळे कोणी न मागता प्राधिकरणाने स्वतः जाहीर करायचे आहे. हे कलम कोणी बदललेले नाही. बहुधा नजरेतून सुटले. जे आधीच जाहीर करणे बंधनकारक आहे ते मागितल्यावर व्यक्तिगत कसे होते, असा मुद्दा मी प्रत्येक अपिलात पहिल्या परिच्छेदात टाकतो.

त्या बाईंचे प्रथम अपील फेटाळले गेले. फेटाळण्याच्या आदेशात त्यांचे पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि नवऱ्याच्या मृत्यूचे कारण होते, आणि त्याची प्रत माहितीसाठी पाच शाखांना पाठवली होती. आम्ही दुसरे अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे लावले आहे. सुनावणीची तारीख अजून यायची आहे.